राजीनामा ते रिलीव्हिंग लेटर: इंदूरहून गेम स्टुडिओत नोकरी बदलताना

रेझ्युमे एका पानाचा असावा, मुलाखतीला वेळेवर जावं, हे तुम्हाला ठाऊक आहे. नोकरीबदल फसतो तो ऑफर हातात आल्यावर, म्हणून सुरुवातीच्या पायऱ्या भराभर उरकू.

दाखवायचं काम आधी तयार ठेवा. अर्धवट तीन डेमोंपेक्षा पूर्ण झालेला, खेळता येणारा एकच बिल्ड (गेमची चालवता येणारी आवृत्ती) भारी. तो इच डॉट आयओ या गेम टाकायच्या साइटवर ठेवा. स्वस्तातल्या अँड्रॉइड फोनवर तो 60 एफपीएसने (सेकंदाला 60 फ्रेम) चालला पाहिजे, म्हणजे एका फ्रेमला 16.67 मिलिसेकंद. युनिटी या गेम इंजिनात दर फ्रेमला नवे ऑब्जेक्ट बनवत राहिलात की गार्बेज कलेक्टर (नको असलेली मेमरी साफ करणारा भाग) मध्येच जागा होतो आणि खेळ अडखळतो. हे कुठे घडत होतं, ऑब्जेक्ट पूलिंगने (तेच ऑब्जेक्ट पुन्हा वापरून) कसं थांबवलं, त्याचे प्रोफायलरचे (वेळ-मेमरी मोजणाऱ्या साधनाचे) आधीचे-नंतरचे स्क्रीनशॉट सोबत द्या. कंपनीच्या कोडची एक ओळही स्वतःच्या गिटहबवर (कोड ठेवायच्या साइटवर) नको.

अर्ज कुठे करायचा? इंदूरच्या सुपर कॉरिडॉर आणि विजयनगर भागातल्या कंपन्यांत वेब आणि एंटरप्राइझचं काम भरपूर, पण मोठ्या गेमचं काम हवं तर बाहेर पडावं लागतं: यूबीसॉफ्टचा स्टुडिओ पुण्यात, ईएचा हैदराबादला, रॉकस्टारचा बंगळुरूत. लहान कंपनी असेल तर पैसा कुठून येतो ते थेट विचारा. ऑगस्ट 2025 च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर देशभर बंदी आली आणि तेवढ्यावरच चालणाऱ्या कंपन्यांचा धंदा बसला.

ऑफरमधला सीटीसी (कंपनीला तुमच्यावर वर्षाला येणारा एकूण खर्च) घरी सांगण्याआधी फोडून बघा. समजा 14 लाख, त्यात 10 टक्के व्हेरिएबल (कामगिरीवर मिळणारा भाग) आणि बेसिक 40 टक्के, म्हणजे 5,60,000. व्हेरिएबलचे 1,40,000, कंपनीच्या वाट्याचा पीएफ 67,200 आणि ग्रॅच्युइटी (बेसिकच्या 4.81 टक्के) 26,936 वजा केले की उरतात 11,65,864. तुमच्या वाट्याचा पीएफ काढला की महिन्याला साधारण 91,555, तेही कर धरायच्या आधी. त्यातून पुण्याचं भाडं आणि डबा जाणार. इंदूरला रामबागेत आईबाबांसोबत राहताना हे दोन्ही खर्च नव्हते.

आता राजीनामा. इथे घाई केली की हमखास नुकसान होतं.

फोनवरचं ‘तुमचं फायनल झालंय’ आणि लेटर ऑफ इंटेंट (नुसता इरादा कळवणारं पत्र), दोन्हींच्या भरवशावर राजीनामा देऊ नका. पद, पगाराची फोड, रुजू होण्याची तारीख आणि ठिकाण असलेलं सहीचं ऑफर लेटर हातात हवं. आणि ते येण्याआधीच स्वतःचं जुनं अपॉइंटमेंट लेटर काढून वाचा. नोटिस 90 दिवस आहे की तीन महिने? ‘किंवा त्याबदली पगार’ असं लिहिलंय का, आणि तो पर्याय तुमचा की कंपनीच्या मर्जीचा? नोटिस पूर्ण न केल्यास वसुली बेसिकवर की ग्रॉसवर (एकूण पगारावर)? या शेवटच्या शब्दाने मोठा फरक पडतो: ग्रॉस 80,000 आणि बेसिक 32,000 असेल, तर 45 दिवसांचा बायआउट (उरलेल्या नोटिसचे पैसे भरून सुटणं) ग्रॉसच्या हिशेबाने 1,20,000, बेसिकच्या हिशेबाने 48,000. वर जीएसटी लावला असेल तर हरकत घ्या; अशा वसुलीवर जीएसटी नाही, हे 3 ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकात स्पष्ट केलंय.

नव्या कंपनीला ‘30 दिवसांत येतो’ असं कधीही म्हणू नका. नोटिस 90 दिवसांची असेल तर 90 सांगा आणि त्यावर आठवडा धरून तारीख मागा. मॅनेजर लवकर सोडेल हा अंदाज आहे, त्यावर तारीख देता येत नाही. बायआउटचे पैसे नवी कंपनी देणार असेल, तर ते ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या आणि किती महिन्यांच्या आत सोडल्यास परत करायचे, तेही बघा.

राजीनामा मेलनेच, मॅनेजर आणि एचआर दोघांना. लास्ट वर्किंग डे तुम्हीच मोजून त्यात लिहा: 5 जानेवारी 2026 पासून 90 दिवस म्हणजे 5 एप्रिल. या मेलची प्रत वैयक्तिक पत्त्यावर ठेवा, कारण ऑफिसचा अकाउंट कधीही बंद होऊ शकतो. नोटिसमध्ये घेतलेल्या रजेने तारीख पुढे जाते का, ते लेटरमध्ये बघून मगच लग्नाची तिकिटं काढा.

थांबवण्यासाठी जुन्या कंपनीने दिलेली वाढीव पगाराची काउंटर ऑफर घेऊ नका. राजीनाम्यानंतर दोन दिवसांत सापडलेले पैसे वर्षभर कुठे होते?

‘प्रतिस्पर्ध्याकडे वर्षभर जाणार नाही’ या कलमाला सहसा घाबरायचं कारण नाही. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 27 पुढे नोकरी सोडल्यानंतरची अशी बंदी बहुधा टिकत नाही. ठरावीक काळाआधी सोडल्यास पैसे भरायचा बाँड मात्र वेगळा. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात दोन लाखांचा बाँड वैध धरला, तेव्हा ‘बाँडला काही अर्थ नसतो’ म्हणणाऱ्या मित्राचं ऐकू नका.

ग्रॅच्युइटीसाठी लागणारी पाच वर्षं पूर्ण व्हायला एक-दोन महिने उरले असतील तर थांबा. शेवटचं बेसिक 50,000 असेल तर ग्रॅच्युइटी 50,000 × 15/26 × 5, म्हणजे 1,44,231 रुपये.

शेवटच्या दिवशी लॅपटॉप दिल्याची पोच मेलवर घ्या. रिलीव्हिंग लेटर आणि तीन पगारपत्रकंही.

मग कर. वर्षाच्या मध्ये नोकरी बदलली की दोन्ही कंपन्या आपापल्यापुरता हिशेब करतात. सहा महिने 90,000 आणि सहा महिने 1,30,000 मिळाले तर एकूण 13,20,000. दोघींनाही आकडा 12 लाखांच्या आत दिसतो, टीडीएस (पगारातून आधीच कापला जाणारा कर) शून्य. प्रत्यक्षात 2025-26 च्या नव्या करपद्धतीत 75,000 वजावट आणि मार्जिनल रिलीफ (12 लाखांच्या थोडं वर गेल्यास मिळणारी करसवलत) धरूनही 46,800 रुपये कर बसतो, वर व्याज. रुजू होतानाच जुना पगार आणि टीडीएस नव्या कंपनीला लेखी कळवा.

पीएफ काढू नका, जुन्याच यूएएनवर (पीएफच्या कायम क्रमांकावर) ट्रान्सफर करा. पाच वर्षांच्या सलग सेवेआधी काढला तर करपात्र होतो. जुन्या कंपनीने भरलेली सोडल्याची तारीख नव्या रुजू तारखेच्या पुढची असेल, तर पडताळणीत दोन नोकऱ्या एकत्र दिसतात. ती लगेच दुरुस्त करून घ्या. तारीख भरलीच नसेल तर ट्रान्सफर अडकतं. दोन महिने उलटले की पीएफच्या पोर्टलवर ‘मार्क एक्झिट’मध्ये तुम्हीच ती भरा, शेवटची वर्गणी ज्या महिन्याची, त्याच महिन्यातली तारीख चालते.