तेच तेच वागणं: काय तसंच राहू द्यायचं, काय हळूहळू सैल करायचं

‘मूल हात फडफडवायला लागलं की हात धरून खाली ठेवा’ हा सल्ला स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांच्या पालकांना अजूनही दिला जातो. तो ऐकू नका. हात खाली येतात, पण ते ज्या कारणाने वर गेले ते कारण तसंच राहतं. मग बरेचदा मूल मनगट चावायला लागतं किंवा नखांभोवतीची कातडी सोलायला लागतं. विशेष शिक्षिका म्हणून मी या मुलांसोबत आणि मोठ्या माणसांसोबत बरीच वर्षं काम करते आहे. हात धरून ठेवल्याने कुणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही.

आधी निवड करा. २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या अमेरिकन निदानपुस्तिकेत अशा वागण्याचे चार प्रकार सांगितले आहेत: तीच हालचाल किंवा तेच बोलणं, एकसारखेपणाचा आग्रह, एखाद्याच विषयाची तीव्र ओढ आणि आवाज, स्पर्श, प्रकाश यांबद्दलची वेगळी संवेदना. या चारही प्रकारांना एकच उपाय लागू पडत नाही. प्रत्येक वागण्याबद्दल स्वतःला विचारा: यामुळे इजा होते का? झोप, शिकणं, घराबाहेर पडणं अडतं का? उत्तर नाही असेल तर ते वागणं तसंच राहू द्या. ‘लोक बघतात’ हे उपचाराचं कारण नाही. अशा हालचालींनी जीव शांत होतो, गोंगाट सहन करता येतो, असं स्वमग्न प्रौढ स्वतः सांगतात. त्यांचं म्हणणं आपण ऐकायला हवं.

एखादं वागणं अचानक सुरू झालं किंवा एकदम वाढलं, तर थेरपीच्या आधी डॉक्टर गाठा. कान, दात, बद्धकोष्ठता, बिघडलेली झोप हे सगळं तपासून घ्या. दुखतंय हे न सांगता येणारं मूल डोकं आपटतं. हालचालीच्या वेळी नजर हरवत असेल, हाक मारूनही प्रतिसाद येत नसेल, तर फिट्सच्या शक्यतेबद्दल डॉक्टरांशी बोला.

मग आठवडा-दोन आठवडे वहीत नोंदी ठेवा: आधी काय घडलं, मुलाने काय केलं, नंतर काय झालं. एकटं असतानाही तेच करत असेल तर बहुधा त्या संवेदनेतच त्याला आनंद आहे. अभ्यास पुढे ठेवल्यावरच करत असेल तर काम जड जातंय. पहिल्याला तशीच संवेदना देणारी सुरक्षित वस्तू द्या, चावणाऱ्याला चावण्यासाठी बनवलेलं खेळणं द्या. दुसऱ्याला ‘थांबूया’ असं दाखवायचं कार्ड शिकवा आणि त्याने ते दाखवलं की खरोखर थांबा.

आता अवघड भाग, एकसारखेपणाचा आग्रह. तोच रस्ता, तीच खुर्ची, कपडे घालायचा तोच क्रम. बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ स्वमग्न मुलांचं वर्णन केलं, त्यातही हा आग्रह ठळक आहे, आणि त्यामागची भीतीही त्यांनी टिपली होती. याला हट्ट समजून कामाला लागलात तर पहिल्याच दिवशी गाडी अडेल. पुढे काय होणार हे कळत नाही, म्हणून मूल ठरलेल्या गोष्टीला घट्ट धरून ठेवतं. म्हणून आधी पुढचं दिसू द्या: दिवसाचं चित्रांचं वेळापत्रक भिंतीवर लावा आणि काही दिवस त्यात काहीही बदलू नका. मूल आपणहून त्याकडे बघायला लागेपर्यंत थांबा. घाईत बहुतेक जण हेच गाळतात.

त्यानंतर एक ‘बदल’ कार्ड बनवा, ठळक रंगाचं, आणि वेळापत्रकात जे बदलणार आहे त्या जागी ते लावा. सुरुवातीला त्यामागे फक्त आवडीच्या गोष्टी ठेवा: लिहिण्याच्या जागी झोका, आवरण्याच्या जागी पाण्यात खेळणं. मग ना आवडीच्या ना नावडीच्या. नावडती गोष्ट अगदी शेवटी. हे कार्ड पहिल्यांदा इंजेक्शनच्या दिवशी बाहेर काढू नका! त्या दिवसानंतर ते दिसलं तरी मूल घाबरेल, आणि मग नवं कार्ड घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल.

बदल किती मोठा असावा, यावर सगळं अवलंबून आहे. तोच रस्ता हवा असेल तर रस्ता बदलूच नका. वाटेत एका ठिकाणी क्षणभर थांबा आणि त्याच रस्त्याने पुढे चला. ते सहज जमलं की चार पावलं समोरच्या बाजूने चाला आणि परत या. शेवट ओळखीचाच ठेवा. एका वेळी एकच आग्रह हाताळा. मूल आजारी असेल, झोप झाली नसेल किंवा घर बदललं असेल, तर तो आठवडा सोडून द्या.

यात मी कुणाचंच दुसरं मत मानत नाही: जिथे तुम्हाला माघार घ्यावी लागेल एवढी मोठी पायरी निवडूच नका. अर्धा तास ठाम राहून मग हार मानलीत, तर अर्धा तास ओरडावं लागतं एवढंच मूल शिकतं. त्यापेक्षा इतकी लहान पायरी घ्या की ओरडायची वेळच येऊ नये. तरीही मेल्टडाउन झालाच, म्हणजे सहन न होऊन मुलाचा स्वतःवरचा ताबा सुटलाच, तर समजावू नका, आमिष दाखवू नका. बोलणं आणि आवाज कमी करा, इजा होणार नाही एवढं बघा, शांत होऊ द्या. दुसऱ्या दिवशी पायरी निम्मी करा. आणि ‘सवय व्हावी’ म्हणून न सांगता वस्तू हलवणं, रांगेत लावलेल्या गाड्या विस्कटणं कधीच नको. त्याने बदलाची सवय होत नाही, तुमच्यावरचा विश्वास मात्र जातो.

तोच प्रश्न पुन्हा पुन्हा येत असेल तर एकदा उत्तर द्या, ते लिहा किंवा त्याचं चित्र काढा आणि पुढच्या वेळी न बोलता त्याकडे बोट दाखवा.

आवडीच्या विषयाशी लढू नका. आगगाड्या आवडतात ना? मग वाचन, गणित, गप्पा तिथूनच सुरू करा. वेळेची मर्यादा टायमर लावून दाखवा. पण रोजचा थोडा वेळ असा ठेवा की तो कमवावा लागणार नाही आणि शिक्षा म्हणून कुणी काढूनही घेणार नाही.

औषधांबद्दल. तेच तेच वागणं कमी करण्यासाठी सिटालोप्रॅम हे नैराश्यावरचं औषध देऊन १४९ मुलांवर अमेरिकेत झालेला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. तुलनेसाठी दिलेल्या, औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा त्याचा जास्त उपयोग दिसला नाही, त्रास मात्र जास्त झाले. रिस्पेरिडोन आणि अ‍ॅरिपिप्राझोल या औषधांना तिथे मान्यता आहे ती ऑटिझममधल्या तीव्र चिडचिडीसाठी, हात फडफडवण्यासाठी नव्हे, आणि त्यांनी वजन वाढू शकतं. चिंता, झोप किंवा आक्रमकता यांसाठी औषध लागतं तेव्हा ते जरूर घ्यावं, पण तज्ज्ञांकडून, आणि नेमकं कशासाठी घेतोय हे विचारून. डोळ्यांवर मारणं, डोकं जोरात आपटणं, न खाण्याच्या वस्तू गिळणं असं असेल तर यातलं काहीही एकट्याने करू नका. डॉक्टर आणि वर्तनतज्ज्ञ दोघांनाही त्याच आठवड्यात भेटा.