दशावतार रेकॉर्ड करायचाय? आधी हार्डडिस्ककडे बघा

मागच्या जत्रेत आमच्या देवळात दशावतार होता, कॅमेरा कॅप्चर कार्डने लॅपटॉपला जोडला, ओबीएस (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) चालू केलं आणि मी निवांत भजी खायला गेलो. आलो तर रेकॉर्डिंग कधीच थांबलेलं, अर्धा ताससुद्धा झाला नव्हता. सकाळी काका तोंडावरचा रंग पुसत विचारतो, "रे मेल्या, माझो संकासुर खंय गेलो?"

चूक माझीच. जुनी एक्स्टर्नल डिस्क फॅट३२ मध्ये (डिस्कवर फाइली मांडायची जुनी पद्धत) होती आणि त्यात एक फाइल ४ जीबीच्या पुढे जातच नाही. मी २० एमबीपीएसला (सेकंदाला २० मेगाबिट) रेकॉर्ड करत होतो, म्हणजे तासाला साधारण ९ जीबी, अर्ध्या तासाच्या आधीच कोटा संपला!

तर आता आधी डिस्कवरचं सगळं दुसरीकडे कॉपी करतो (फॉरमॅट मारला की सगळं जातं, मग रडू नका) आणि एनटीएफएसमध्ये (विंडोजची नेहमीची पद्धत) फॉरमॅट करतो, अ‍ॅलोकेशन युनिट साइज ६४ केबी (डिस्क एका वेळी किती मोठा तुकडा वापरते तो आकडा). एक्सएफॅट या तिसऱ्या पद्धतीलाही ४ जीबीची अडचण नाही, पण आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही आणि अशा वेळी एनटीएफएस जास्त सांभाळून घेतं. डिस्क जुनी असेल तर क्विक फॉरमॅटची टिक काढा, खराब सेक्टर तपासले जातात, वेळ भरपूर लागतो, आदल्या रात्री लावून झोपा.

विंडोज आहे त्याच डिस्कवर रेकॉर्डिंग नको. फिरणाऱ्या डिस्कचा हेड एकावेळी एकाच जागी असतो, मध्येच अपडेट नाहीतर अँटीव्हायरसचं स्कॅन सुरू झालं की तो इकडेतिकडे धावतो आणि चित्र अडखळतं. म्हणून अपडेट पॉज करा, रेकॉर्डिंगचा फोल्डर स्कॅनमधून वगळा, पॉवर ऑप्शन्समध्ये हार्डडिस्क बंद व्हायची वेळ "नेव्हर" करा, लॅपटॉपची स्लीपसुद्धा. डिस्क फॉरमॅट न करता वापरणार असाल तर डीफ्रॅग (विखुरलेले फाइलींचे तुकडे एकत्र लावणं) करून घ्या, एसएसडी असेल तर मात्र डीफ्रॅगच्या नादी लागू नका, उगाच झिजते.

ओबीएसमध्ये फाइलचा प्रकार एमकेव्हीच ठेवा, लाइट गेली तरी तोवरचं वाचतं, साधी एमपी४ अर्धवट राहिली की बहुतेकदा उघडतच नाही. रात्रभराच्या खेळाला ६ तास धरले तरी ५४ जीबी होतात, मी १०० मोकळे ठेवतो.

आणि डिस्क रंगमंचाच्या फळीवर ठेवू नका हो! राक्षस नाचायला लागला की फळी हादरते आणि फिरणाऱ्या डिस्कला धक्के अजिबात चालत नाहीत, वेगळ्या खुर्चीवर ठेवा आणि केबल पायात येणार नाही असं बघा. घरी आल्यावर सिलिका जेलची पुडी टाकून डब्यात, आमच्याकडची खारी हवा कनेक्टर खाऊन टाकते.

जत्रेच्या आदल्या दिवशी घरीच पाऊण तास काहीही रेकॉर्ड करून बघा, मांजर झोपलेलं असलं तरी चालेल, फाइल ४ जीबीच्या पुढे गेली आणि ओबीएसच्या स्टॅट्समध्ये फ्रेम्स सुटलेल्या दिसल्या नाहीत की मगच काकाला शब्द द्या.