ट्यूबलाइटचा अँटेना करताना मी काय काय जाळलं

बीईच्या शेवटच्या वर्षी गाईड सरांना प्रोजेक्टचा विषय सांगितला, धातूऐवजी प्लाझ्माचा म्हणजे आयनीभूत वायूचा अँटेना, तेव्हा त्यांनी विचारलं, "प्लाझ्मा आणणार कुठून?" मी छताकडे बोट दाखवलं. वर चार फुटी, ३६ वॅटची ट्यूब लुकलुकत होती. आत कमी दाबाचा आरगॉन आणि पाऱ्याची थोडी वाफ. ट्यूब पेटली की अणूंमधले काही इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि झाला प्लाझ्मा तयार.

कल्पना माझी नव्हे. आयनीभूत वायूचा एरियल करण्याचं पेटंट जे. हेटिंगर यांनी १९१९ सालीच घेतलं होतं. स्विच दाबला की अँटेना, बंद केला की नुसती काचेची नळी. या गायब होण्यामुळेच रडारवाल्यांना त्यात रस.

या विषयात येणाऱ्याने एक हिशोब तोंडपाठ करावा. एका घन सेंटिमीटरमध्ये सुटे इलेक्ट्रॉन किती, त्याचं वर्गमूळ काढा आणि ८,९८० ने गुणा. उत्तर हर्ट्झमध्ये येतं, ती प्लाझ्माची फ्रिक्वेन्सी. दहा हजार कोटी इलेक्ट्रॉन असले तर साधारण २.८ गिगाहर्ट्झ. याच्या बऱ्याच खालच्या लहरींशी प्लाझ्मा धातूसारखा वागतो, वरच्या लहरी आरपार निघून जातात. मी हा हिशोब न करता पहिला महिना वायफायच्या ५ गिगाहर्ट्झवर घालवला. ट्यूबलाइटसाठी ते अगदी काठावरचं काम, धड काहीच हाती लागेना. शेवटी १०० मेगाहर्ट्झच्या आसपास, एफएमच्या पट्ट्यात आले.

जोडणी सोपी आहे. ट्यूबच्या एका टोकाला काचेवर तांब्याची टेप गुंडाळायची, तिला कोअॅक्सची (टीव्हीच्या केबलसारखी, आत तार आणि भोवती जाळी असलेली केबल) आतली तार डाखायची आणि बाहेरची जाळी खालच्या अॅल्युमिनियमच्या पत्र्याला. मधली काच कपॅसिटरचं काम करते. इथेच माझा पहिला बळी गेला. मी नॅनोव्हीएनए, म्हणजे अँटेनाकडून किती पॉवर परत येते ते मोजणारा छोटा मीटर, जोडलेला ठेवून ट्यूब चालू केली. स्टार्टर सुटताना चोक शेकडो व्होल्टचा झटका मारतो, तो काचेतून तांब्यात आणि तिथून मीटरच्या पोर्टमध्ये. मीटर गेला. तेव्हापासून आधी ट्यूब पेटवायची, मग मीटर जोडायचा, आणि मध्ये हायपास फिल्टर (कमी फ्रिक्वेन्सी अडवणारा) व अॅटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा) असल्याशिवाय जोडायचाच नाही, हा नियम. ट्यूब फोडू मात्र नका, आत पारा असतो.

उसना मीटर आणून पहिला आलेख काढला. छान खोल खड्डा दिसला, म्हणजे पॉवर परत येत नव्हती. मी फोटो काढून ग्रुपवर टाकला. लॅबचे काका मागे उभे होते. म्हणाले, "पोरी, ट्यूब बंद करून बघ की."

बंद केली. खड्डा जरा सरकला, पण होताच.

प्लाझ्मा नव्हताच बोलत. बोलत होते तांब्याची टेप, ट्यूबच्या टोकाच्या धातूच्या टोप्या आणि कोअॅक्सची बाहेरची जाळी. केबलला हात लावला की आलेख हलायचा, तेव्हाच संशय यायला हवा होता. केबलवर फेराइटचे मणी (जाळीच्या बाहेरून वाहणारा करंट अडवणारे) चढवल्यावर गोंधळ पुष्कळ कमी झाला.

दुसरी फसगत याहून बेमालूम. परत न आलेली पॉवर हवेत गेली असं समजू नका. ५० ओहमचा डमी लोडसुद्धा (अँटेनाच्या जागी लावायचा नुसता रेझिस्टर) काहीच परत पाठवत नाही, आणि तो नुसता गरम होतो. प्लाझ्मात इलेक्ट्रॉन वायूच्या अणूंवर आदळत राहतात, त्यात बरीच पॉवर जिरते. म्हणून प्रत्येक रीडिंग तीनदा घ्या: ट्यूब चालू, ट्यूब बंद, आणि त्याच मापाची तांब्याची नळी. तेही दूर ठेवलेल्या रिसीव्हरवर. माझी ट्यूब तांब्यापुढे कमीच पडली आणि मी ते रिपोर्टमध्ये तसंच लिहिलं.

साध्या चोकवर सेकंदाला १०० वेळा करंट शून्यातून जातो, प्लाझ्मा तितक्या वेळा पातळ होतो आणि सिग्नलवर घुमघुम चढते. इलेक्ट्रॉनिक चोक लावला की ती जाते, कारण त्याच्या हजारो हर्ट्झच्या वेगात इलेक्ट्रॉनांना विरायला सवडच मिळत नाही. त्याचा स्वतःचा कलकलाट असतो, पण तो फिल्टरने आवरतो.

आता प्लाझ्माने अँटेना लहान करता येतो का, असं विचारणाऱ्यांसाठी. नळीचा अँटेना तांब्याच्या दांड्याहून फार लहान होत नाही. खरी गंमत वेगळ्या रचनेत आहे. प्लाझ्मा फ्रिक्वेन्सीच्या खाली प्लाझ्माची परमिटिव्हिटी (विद्युत क्षेत्राला पदार्थ कसा प्रतिसाद देतो त्याचा आकडा) ऋण होते. ती उणे दोनवर आली की लहरीच्या तुलनेत अगदी छोटा प्लाझ्माचा गोळाही रेझोनेट होतो, म्हणजे त्या फ्रिक्वेन्सीला जोरात प्रतिसाद देतो, आणि हे घडतं प्लाझ्मा फ्रिक्वेन्सीला तीनच्या वर्गमूळाने भागल्यावर येणाऱ्या आकड्यापाशी. १ गिगाहर्ट्झला लहर ३० सेंटिमीटरची. गोळा दोन-चार सेंटिमीटरचा चालतो, फक्त घन सेंटिमीटरमागे सुमारे ३,७०० कोटी इलेक्ट्रॉन हवेत. संख्या चौपट केली की फ्रिक्वेन्सी दुप्पट. ट्यूनिंगसाठी काही कापायचं नाही, डिस्चार्जची पॉवर फिरवायची. पण चू यांनी १९४८ मध्ये दाखवलेली मर्यादा इथेही सुटत नाही: अँटेना जितका लहान, तितकी बँडविड्थ, म्हणजे तो ज्यावर चालतो तो फ्रिक्वेन्सीचा पट्टा, अरुंद.

पुढे शिकायचं असेल तर गांधीनगरजवळ भाट इथली प्लाझ्मा संशोधन संस्था पाहा. तिथल्या रजनीश कुमार आणि धीरज बोरा यांनी २०१० मध्ये ३० सेंटिमीटरचा प्लाझ्माचा स्तंभ दाब, पॉवर वगैरे बदलून अनेक लहान गोळ्यांमध्ये तोडून दाखवला, म्हणजे एकाच अँटेनाचे अनेक. तो पेपर आधी वाचा. आणि परवान्याशिवाय एफएमवर काही सोडू नका; ऐकण्यातच भरपूर शिकायला मिळतं.

व्हायवाला मी ट्यूब रेडिओला जोडून ठेवली होती. चालू असताना आकाशवाणीचं गाणं स्वच्छ, बंद केली की नुसती खरखर. बाहेरच्या परीक्षकांनी स्वतः उठून चार वेळा स्विच दाबून पाहिला. पाचव्या वेळी ट्यूब पेटेना. काका पुढे आले, ट्यूब होल्डरमध्ये जराशी फिरवली, आणि गाणं पुन्हा लागलं.