संडे स्कूलमध्ये ‘देवाविरुद्ध बंड’ हा धडा कसा घ्यावा

“देव बघतोय हं!” म्हटलं की वर्ग चिडीचूप होतो. पण त्यातून मुलं शिकतात ती फक्त लपवालपवी. चूक झाली तरी देवापुढे उभं राहून आपला हिशेब आपण द्यायचा, हे त्यांच्या मनात रुजलं पाहिजे. 11 ते 14 वर्षांच्या मुलांना हा धडा असा देता येतो.

1. घरून बायबलमधले दोन अध्याय नीट वाचून जा: 1 शमुवेल 15 (शौल राजा) आणि 2 शमुवेल 12 (दावीद राजा). शौलाने देवाला उघडपणे नाकारलं नव्हतं. शत्रू अमालेक्यांचा जनावरांसकट नाश करायची आज्ञा अर्धीच पाळली, चांगली चांगली मेंढरं राखून ठेवली, आणि वर ती यज्ञासाठी आहेत म्हणाला. भक्तीचं पांघरूण घेतलेलं हे बंड मुलांना दाखवायलाच हवं. अमालेक्यांचा सरसकट संहार करायची आज्ञा देवाने का दिली, हे कुणी ना कुणी विचारणारच. प्रश्न टाळू नका, त्यासाठी वेगळा रविवार ठेवा.

2. प्रसंग मुलांकडून वाचून घ्या. “मी परमेश्वराची आज्ञा पाळली,” असं शौल म्हणतो तेव्हा मागच्या बाकावरच्यांना मेंढरांसारखं ओरडायला लावा. हशा होईल, होऊ द्या. शमुवेल संदेष्टा नेमकं तेच विचारतो: मग हा मेंढरांचा आवाज कसला?

3. आता फळ्यावर दोन रकाने करा. शौलाखाली लिहा: लोकांनी आणली, लोकांना भ्यालो, वडीलजनांपुढे माझा मान राख. दुसरा रकाना दावीदाचा. दुसऱ्याची बायको घेऊन तिच्या नवऱ्याला मारवलं म्हणून नाथान संदेष्ट्याने तोंडावर सुनावल्यावर दावीद काय म्हणाला? मी परमेश्वराविरुद्ध पाप केलं आहे. बस, एवढंच. “मी पाप केलं” हे शौलही म्हणाला होता, मग फरक कुठे? इथे घाई करू नका, उत्तर मुलांकडूनच येऊ द्या.

4. मग त्यांच्या रोजच्या जगण्यावर या. ट्यूशनला दांडी मारून कस्तुरचंद पार्कजवळ तर्री पोहे खाल्ले आणि घरी सांगितलं, “सर आलेच नाहीत.” शौल इथे काय म्हणाला असता, दावीद काय म्हणाला असता, ते लिहायला सांगा. नंतर प्रत्येकाने स्वतःबद्दल एक ओळ लिहावी. ती चिठ्ठी त्याच्याच खिशात राहील. सगळ्यांसमोर कबुली घेऊ नका, त्यातून नाटक तरी होतं नाहीतर लाज. रोमकरांस पत्र 14:12 इथे वाचा: हिशेब ज्याचा त्याने द्यायचा आहे, आणि तोही देवाला.

आजारपण किंवा नापास होणं ही पापाची शिक्षा आहे, असं चुकूनही सुचवू नका. योहान 9 मध्ये शिष्यांनी जन्मांधाबद्दल हेच विचारलं आणि येशूने ते साफ नाकारलं. देवाला प्रश्न विचारणं म्हणजेही बंड नव्हे, हबक्कूकाचं पुस्तक तर “किती काळ?” या तक्रारीनेच सुरू होतं. आणि एखाद्या मुलाच्या बोलण्यातून त्याच्यावर अत्याचार होतोय असं कळलं, तर त्याला पश्चात्ताप शिकवत बसू नका. 1098 वर चाइल्डलाइनला कळवा.

मे महिन्यातल्या व्हीबीएसमध्ये (चर्चच्या सुट्टीतल्या बायबल शाळेत) हा धडा घेणार असाल तर सकाळी ऊन चढायच्या आत घ्या, आणि दोन अध्यायांना दोन दिवस द्या. तिसऱ्या दिवशी लूक 15 मधला उधळ्या पुत्राचा दाखला घ्या. घरीच राहून बापाचं ऐकणाऱ्या, पण धाकट्याच्या स्वागतावर रुसलेल्या थोरल्या भावासाठी वेळ राखून ठेवा. नियमाने चर्चला येणारी आपली मुलं बहुधा त्याच्याच जागी असतात.