मिरामारवरून ओळखा वाऱ्यासोबतची शिडं

संध्याकाळी पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर वाळूत उभं राहिलं की परतणाऱ्या एखाद्या यॉटच्या पुढे बघता बघता रंगीत फुगा फुलतो. लगेच सगळे त्याला स्पिनेकर, म्हणजे पाठीमागच्या वाऱ्यासाठीचं पातळ फुगीर शीड, म्हणतात. कित्येक वर्षं मीही रंग बघूनच नाव ठरवायचे आणि त्यात बऱ्याचदा चुकायचे. रंगावरून काहीच कळत नाही. शिडाचा पुढचा खालचा कोपरा कुठे बांधलाय ते बघा, तिथेच निम्मं उत्तर मिळतं.

त्याआधी वारा ओळखा. पावसाळा सरल्यावर मेपर्यंत गोव्यात दुपारचा वारा साधारण पश्चिम-वायव्येकडून, म्हणजे दर्यावरून येतो. मांडवीतून अग्वादकडे निघालेली होडी वाऱ्याच्या तोंडावर असते. ती दोन चपट्या शिडांवर तिरकी-तिरकी चढत जाते, तेव्हा हे फुग्यासारखं शीड उघडतच नाही. म्हणून होड्या परतायच्या वेळेला जा. किनाऱ्यावरचा झेंडा किंवा माडाची झावळं बघून वारा होडीच्या पाठीमागून येतोय की बाजूने, ते आधी मनात पक्कं करा.

आता तो कोपरा. डोलकाठीपासून एक आडवी काठी बाहेर काढलेली असेल आणि शिडाचा कोपरा तिच्या टोकाशी, मोठ्या शिडाच्या (डोलकाठीमागच्या मुख्य शिडाच्या) विरुद्ध बाजूला असेल, तर तो सममित स्पिनेकर. याच्या दोन्ही उभ्या कडा सारख्याच लांबीच्या असतात. मधोमध घडी घातली तर एक अर्धा दुसऱ्यावर चपखल बसेल. वारा थेट पाठीमागून असला तरी हे शीड भरलेलं राहतं. होडीने वारा दुसऱ्या बाजूला घेतला की कुणीतरी नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, धावतो, काठी एका कोपऱ्यावरून सोडवतो आणि दुसऱ्यावर अडकवतो. ही धावपळ दिसली की शंका उरत नाही. ‘४७०’ नावाच्या दोघांच्या होडीवर हेच शीड असतं.

काठी नाही आणि कोपरा नाळेच्या पुढे आलेल्या दांड्याच्या टोकाशी बांधलाय? मग ते असममित शीड. यालाच बरेच जण जेनेकर म्हणतात. याची पुढची कड मागच्या कडेपेक्षा लांब असते आणि बाहेरच्या बाजूला फुगते. थोडा वेळ त्या कडेवरच नजर ठेवा. शिडाच्या खांद्यापाशी, म्हणजे कडेच्या वरच्या भागात, हातभर पट्टा आत वळतो, थरथरतो. खलाशी दोर किंचित ओढतो, पट्टा पुन्हा ताठ होतो. तो दोर पुन्हा सैल सोडतो, पुन्हा थरथर. हे बघायला मला फार आवडतं, कारण शीड नेमकं लागलंय याची ती खूण असते. आणखी एक खूण म्हणजे अशी होडी सहसा सरळ वाऱ्याच्या दिशेने येत नाही, नागमोडी येते. थेट पाठीमागच्या वाऱ्यात मोठ्या शिडाच्या आडोशाला हे शीड पडतं, म्हणून वारा थोडा बाजूने घेत यावं लागतं. २९ईआर आणि ४९ईआर या वेगवान होड्यांवर हेच शीड असतं.

सगळ्यात जास्त फसवतं ते कोड झिरो. कोपरा असममितासारखाच पुढच्या दांड्यावर, पण पुढची कड ताणलेल्या दोरीसारखी सरळ. शीड चपटं, कापड जरा कडक, रंग बहुधा पांढरट. स्पिनेकरचं छत्रीसारखं पातळ नायलॉन इथे चालत नाही, कारण वारा मंद असतो आणि बाजूने किंवा थोडा पुढूनही घ्यायचा असतो. १९९७-९८च्या व्हिटब्रेड जगप्रदक्षिणा शर्यतीत ‘ईएफ लँग्वेज’ या यॉटने ते गाजवलं. मधल्या उंचीवरची रुंदी खालच्या कडेच्या लांबीच्या किमान ७५ टक्के भरली तर शर्यतीच्या नियमात ते स्पिनेकर म्हणून मोजलं जातं. शर्यतीच्या कोड झिरोची मागची कड बाहेर फुगलेली दिसते ती त्यामुळे.

मोठं शीड एका बाजूला आणि पुढचं नेहमीचं शीड दुसऱ्या बाजूला, पंख पसरल्यासारखं दिसलं तर ती वेगळी शिडं नव्हेत. लांबच्या प्रवासात कमी माणसांना ही मांडणी सोयीची पडते. ऑप्टिमिस्ट आणि लेझर या छोट्या होड्यांवर एकच शीड असतं, तिथे शोधू नका.

तरीही ठरत नसेल तर शीड उतरेपर्यंत थांबा. कोड झिरो आपल्याच पुढच्या कडेभोवती गुंडाळत जातं आणि उभ्या सुरळीसारखं होतं. स्पिनेकर किंवा जेनेकरवर कधी वरून लांब कापडी मोजा खाली सरकतो आणि रंग गिळत जातो. मोजा नसेल तर दोघं-तिघं मोठ्या शिडाच्या आडोशाला उभे राहून ते कापड भराभर हातांनी ओढतात, पाण्याला लागू न देता.