नवी पिल्लं घरघर करतात? पुडी फोडण्याआधी या चुका टाळा

आठवडी बाजारातून किंवा गाडीवाल्याकडून कोंबडीची पिल्लं घेतली, की चार-आठ दिवसांत फोन येतो. शिंकतात, नाक वाहतं, रात्री घरघर करतात. पुढचं वाक्य ठरलेलं: "औषध सांगा." ती राहतात कुठं, खाली काय अंथरलंय, हे कोणी आपणहून सांगत नाही. घोटाळा मात्र बहुतेक वेळा तिथंच असतो.

थंडीच्या धास्तीनं पिल्लं कोंडणं ही मला सगळ्यात जास्त छळणारी चूक. जानेवारीत आपल्याकडे रात्री हाडं गोठतात, मान्य. म्हणून लोक ताडपत्री खालपासून आढ्यापर्यंत आवळतात आणि आत शेगडी पेटवतात. मागल्या हिवाळ्यात पवनीकडच्या एका पोराचं शेड बघायला गेलो. उभं राहून काही जाणवलं नाही. पिल्लांच्या उंचीला उकिडवा बसलो आणि डोळ्यांतून पाणी आलं. ओल्या तुसातून अमोनिया उठत होता. एक पिल्लू उचललं: नाकपुड्यांना तूस चिकटलेला, डोळ्याच्या कोपऱ्यात फेस, कानाशी धरलं तर छातीत बुडबुड. "तिसरी पुडी चालू आहे काकाजी, फरकच नाही जी," पोरगा म्हणाला. तीन वेगवेगळी अँटिबायोटिक्स, एकाचाही कोर्स पूर्ण नाही!

आधी ताडपत्री वरून हातभर खाली घेतली, ओला तूस भरून बाहेर काढला, कोरडा पसरला, शेगडी हलवून बल्ब लावले. मग डॉक्टरांनी एकच औषध दिलं आणि ते पूर्ण दिवस पाजायला लावलं. घरघर थांबली. काही पिल्लं मात्र खुरटलेलीच राहिली. डोळ्यातला तो फेस बहुधा मायकोप्लाझ्मा या जंतूचा, म्हणजे सीआरडी या कोंबड्यांच्या जुनाट श्वासरोगाचा. त्यातून बरा झालेला पक्षीही जंतू बाळगून असतो. म्हणून नवी पिल्लं किमान तीन आठवडे जुन्या कोंबड्यांपासून लांब ठेवा. दाणापाणी आधी जुन्यांना, नंतर नव्यांना, आणि चपला वेगळ्या.

उबेचा हिशेब सोपा आहे. पहिल्या आठवड्यात 35 अंश, पुढं दर आठवड्याला साधारण 3 अंश कमी. बल्बखाली ढीग झाला तर थंडी, चोची उघडून कडेला सरकली तर गरमी.

रानीखेत, म्हणजे मानमोडी रोगावर अँटिबायोटिक चालत नाही, तो विषाणूचा रोग आहे. त्याची लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून द्या. लस 2 ते 8 अंशांत राहायला हवी. शर्टच्या खिशातून आणलेली लस म्हणजे नुसतं पाणी. आजारी पिल्लांना लस देऊ नका.

आता पोटाचं. तिसऱ्या आठवड्यानंतर पिल्लं पिसं फुगवून बसली, विष्ठेत रक्त दिसलं, तर ती रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिया या आतड्यातल्या परजीवीचा आजार. डॉक्टर बहुधा पाण्यातून अँप्रोलियम देतात. लोक "ताकद यावी" म्हणून त्यातच बी-कॉम्प्लेक्स ओततात! त्यात बी-1 जीवनसत्त्व असतं, आणि अँप्रोलियम कॉक्सिडियाला तेच मिळू देत नाही, त्यावरच ते काम करतं. तुम्ही बी-1 पाजलं तर औषधाचा जोर गेला. टॉनिक कोर्स संपल्यावर द्या. आणि पाण्याच्या भांड्याभोवतीचा ओला तूस रोज बदला, ते नाही केलं तर आजार फिरून येतो.

जंताचं औषध पहिल्या आठवड्यात नको. पोटातला गोल जंत मोठा व्हायला महिन्याहून जास्त लागतो.

उवा-पिसवांसाठी गुरांच्या गोचिडाच्या औषधात पिल्लं बुडवणाऱ्यांना हात जोडतो. तसं करू नका, पिल्लं मरतात. लाल माइट हे रक्त पिणारे बारीक किडे दिवसा फटीत लपतात, त्यामुळे रात्री टॉर्च घेऊन खुराड्याच्या लाकडाच्या फटी तपासा.

आणि मेलेलं पिल्लू उकिरड्यावर फेकू नका. पिशवीत घालून, बर्फावर ठेवून, त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. पोट फाडून पाहिलं की नेमका आजार बऱ्याचदा तिथंच कळतो आणि उरलेल्यांना नेमकं औषध मिळतं.