जिओकॅशिंगला निघताय? नकाशे आणि कॅशची माहिती जमवताना या चुका टाळा

जिओकॅशिंग म्हणजे कुणीतरी लपवलेला डबा, म्हणजेच ‘कॅश’, जीपीएसच्या मदतीने शोधायचा खेळ. तो खेळायला जाऊन रिकाम्या हाती परतलं की राग निघतो तो डबा लपवणाऱ्यावर. चूक मात्र पुष्कळदा आदल्या रात्री घरीच झालेली असते. नकाशावर पिन टाकली, फोन चार्जिंगला लावला, की तयारी झाली असं वाटतं. पण पिन म्हणजे कॅशच्या माहितीतला एक छोटासा तुकडा. वाट कुठून आहे, गाडी कुठे लावायची, डबा केवढा आहे, गेल्या महिन्यात कुणाला सापडला का, हे सगळं मागे राहतं आणि त्याची आठवण थेट जंगलात होते.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. जीपीएसच्या नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम मिसळलेली चूक अमेरिकी सरकारने २ मे २००० रोजी काढून टाकली. लगेच दुसऱ्या दिवशी डेव्ह अल्मर यांनी ओरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळ एक काळी बादली लपवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. तिथूनच हा खेळ सुरू झाला. आज त्या जागी स्मारकफलक आहे. तो फलक, सिअ‍ॅटलच्या फ्रीमाँट भागातलं जिओकॅशिंगच्या संकेतस्थळाचं मुख्यालय आणि स्नोक्वाल्मी खिंडीजवळची ‘प्रोजेक्ट एप’ (एका चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी लपवलेल्या मालिकेतली) कॅश ही तीन ठिकाणं एकाच सहलीत करायची हौस अनेकांना असते. सिअ‍ॅटल-रेडमंडकडे मराठी घरं भरपूर आहेत, उन्हाळ्यात आई-बाबाही आलेले असतात. म्हणून पुढची बरीच उदाहरणं याच सहलीतली घेतली आहेत. सह्याद्रीत फिरणाऱ्यांनाही ती तितकीच लागू पडतील.

आकडे बरोबर, पण वाचले चुकीचे

सगळ्यात जास्त पायपीट या एका चुकीमुळे होते, म्हणून इथे जरा थांबू. संकेतस्थळावर प्रत्येक कॅशचं एक पान असतं, त्यावर अक्षांश-रेखांश अंश आणि दशांश मिनिटांत दिलेले असतात. गाडीतल्या नकाशाच्या अ‍ॅपमध्ये मात्र सहसा नुसते दशांश अंश दिसतात. पहिल्या कॅशचे आकडेच घ्या: उत्तर ४५° १७.४६०', पश्चिम १२२° २४.८००'. दशांश अंशांत हे ४५.२९१०० आणि उणे १२२.४१३३३ होतं, कारण मिनिटांना ६० ने भागावं लागतं. घाईत कुणी मिनिटांचे आकडे तसेच उचलून ४५.१७४६० आणि उणे १२२.२४८०० असे टाकले, तर पिन मूळ जागेपासून आग्नेयेला सुमारे १८ किलोमीटरवर जाऊन पडते. नकाशावर तीही ओरेगनमधलीच साधी जागा दिसते, त्यामुळे शंकाही येत नाही.

दुसरा घोळ सेकंदांचा. १७.४६० मिनिटं म्हणजे १७ मिनिटं २७.६ सेकंद. ते १७ मिनिटं ४६ सेकंद असं वाचलं, की जागा साडेपाचशे मीटरहून जास्त उत्तरेला सरकते. हा घोळ ओळखायची एक सोपी खूण आहे. त्याच पद्धतीने २४.८०० वाचायला गेलात तर ८० सेकंद येतात आणि सेकंद कधीच ६० च्या पुढे जात नाहीत. असा अशक्य आकडा दिसला की समजा, पद्धतच चुकली आहे.

भारतातून गेलेल्यांसाठी तिसरी गोष्ट. आपण आयुष्यभर पूर्व रेखांशात वावरलेलो असतो. जुन्या उपकरणात ‘पूर्व’ तसंच राहिलं, तर ओरेगनची कॅश ईशान्य चीनमध्ये दिसते. हे निदान लगेच लक्षात येतं. दशांश अंश टाकताना उणे चिन्ह गळलं तरी हेच होतं.

यावर उपाय एकच: आकडे हाताने टाइप करू नका. कॅशच्या पानावरून थेट अ‍ॅपमध्ये किंवा जीपीएक्स फाइलमधून (संकेतस्थळावरून उतरवायची, कॅशची माहिती असलेली फाइल) घ्या. टाइप करावेच लागले, तर उपग्रह छायाचित्रावर बिंदू बघा आणि तो वर्णनाशी जुळतो का ते ताडून पाहा. वर्णनात ओढ्याकाठची वाट आणि पिन शेताच्या मधोमध, असं असेल तर तिथेच थांबून आकडे पुन्हा तपासा.

कोड उतरवून घेताना एक बारकावा उपयोगी पडतो. प्रत्येक कॅशचा ‘जीसी’ने सुरू होणारा कोड असतो आणि त्या दोन अक्षरांपुढे आय, एल, ओ, एस, यू ही इंग्रजी अक्षरं कधीच येत नाहीत. म्हणजे ओसारखं दिसलं तर ते शून्य आणि एससारखं दिसलं तर पाच.

सरळ रेषेवर विश्वास

कॅशपर्यंतचं अंतर अ‍ॅप सरळ रेषेत दाखवतं. मधे दरी आहे, नदी आहे की खासगी कुंपण, हे त्या रेषेला ठाऊक नसतं. ‘प्रोजेक्ट एप’ कॅश हे याचं उत्तम उदाहरण आहे. बरेच जण पूर्वेला हायाक इथे गाडी लावतात. तिथून स्क्रीनवरचा बाण थेट डोंगरावर रोखलेला असतो. खरी वाट मात्र जुन्या रेल्वेच्या बोगद्यातून जाते. हा बोगदा जवळजवळ पावणेचार किलोमीटर लांब आहे, आत मिट्ट काळोख आणि भर उन्हाळ्यातही गारठा. आत शिरल्यावर उपग्रहांचा सिग्नल जातो आणि बाण एका जागी खिळतो किंवा भलतीकडे फिरतो. ज्यांनी आधी नकाशा नीट पाहिलेला नसतो ते तिथे गोंधळतात, फोन बिघडला असं समजतात. फोन ठीकच असतो. बोगदा संपेपर्यंत चालत राहायचं, पलीकडे आकाश उघडलं की दोन-तीन मिनिटं स्थिर उभं राहायचं आणि मगच बाणाकडे बघायचं.

हा बोगदा साधारण नोव्हेंबरपासून एप्रिलअखेरपर्यंत बंद असतो. हायाकला गाडी लावायला राज्य उद्यानाचा पास लागतो. मुख्यालयाला भेट द्यायच्या वेळाही ठरलेल्या असतात. यातलं काहीही पिन सांगत नाही. शिवाय सिअ‍ॅटलहून हायाक पूर्वेला, तर बीव्हरक्रीक दक्षिणेला तीनशे किलोमीटरच्या आसपास. तिन्ही पिना एकाच पडद्यावर पाहून ‘होऊन जाईल’ म्हणणं सोपं असतं. म्हणून प्रत्येक कॅशसाठी तीन ओळी लिहून ठेवा: गाडी कुठे लावायची, वाट कुठून सुरू होते, ती जागा कधी बंद असते.

सह्याद्रीत हाच प्रश्न वेगळ्या रूपात भेटतो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशावर समोच्च रेषांमधलं अंतर २० मीटर असतं, त्यामुळे पंधरा मीटरचा कातळ त्यावर उठून दिसेलच असं नाही. बाण सांगतो ऐंशी मीटर आणि समोर उभा कडा! शिवाय या विभागाचे जुने नकाशे (टोपोशीट) एव्हरेस्ट या मापनाधारावर, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजायच्या जुन्या चौकटीवर, काढलेले आहेत. कॅशचे आकडे डब्ल्यूजीएस-८४ या जीपीएसच्या मापनाधारावर असतात. जुन्या कागदावर ते तसेच मांडले तर जागा शंभर मीटरच्या आसपास हलू शकते. नव्या खुल्या मालिकेचे नकाशे डब्ल्यूजीएस-८४ वरच आहेत, तेव्हा तेच वापरा.

पिन घेतली, पान राहिलं

एलओसी फाइलमध्ये फक्त नाव आणि जागा येते. वर्णन, हिंट, अलीकडचे लॉग (शोधणाऱ्यांनी लिहिलेल्या नोंदी) हवे असतील तर जीपीएक्स घ्या. पैसे भरून सदस्य झालेल्यांना पॉकेट क्वेरी (निवडलेल्या कॅशची एकत्र उतरवायची यादी) मिळते, त्यात एका वेळी १००० पर्यंत कॅश येतात. या झिपमध्ये दोन फाइली असतात. एक मुख्य, आणि दुसरी जिच्या नावाच्या शेवटी ‘डब्ल्यूपीटीएस’ असतं. लोक पहिली उपकरणात टाकतात आणि दुसरी तशीच सोडून देतात. पार्किंग, वाटेची सुरुवात, मल्टी-कॅशचे (एकामागून एक ठिकाणं शोधायच्या कॅशचे) टप्पे हे सगळं त्या दुसऱ्या फाइलमध्ये असतं.

मिस्टरी, म्हणजे कोड्याच्या कॅशच्या प्रकारात तर नकाशावर दिसणारी जागा मुळात खरी नसते. कोडं सोडवल्यावर खरी जागा मिळते आणि ती सहसा दोन मैलांच्या आत असते. उत्तर वहीत ठेवू नका, त्या कॅशच्या पानावर सुधारित आकडे म्हणून जतन करा. मग पुढच्या डाउनलोडमध्ये पिन आपोआप योग्य जागी येते.

लॉग वाचल्याशिवाय कुठलीही कॅश यादीत घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. लागोपाठ चार जणांनी ‘सापडली नाही’ लिहिलं असेल, तर डबा बहुधा जागेवर नाही. लहान मुलं आणि वडीलधारी माणसं बरोबर असताना अशा कॅशमागे तास घालवणं बरं नव्हे. दोन्ही गुणांकही पाहा. काठिण्य आणि भूप्रदेश, दोन्ही १ ते ५. भूप्रदेश १ म्हणजे व्हीलचेअरवरूनही पोहोचता येईल अशी जागा, ५ म्हणजे दोर किंवा होडीसारखं काहीतरी लागणार. गुडघे दुखणारे बाबा बरोबर असतील तर दीड-दोनच्या पुढे जाऊ नका. डब्याचा आकारही टिपून ठेवा. मायक्रो म्हटल्यावर नखाएवढी डबीसुद्धा निघू शकते. तिथे तुम्ही जेवणाच्या डब्याएवढी वस्तू शोधत बसलात तर ती हाताखालून निसटते.

आणि हजार कॅश घेता येतात म्हणून हजार घेऊ नका. दिवसभराला दहा-बारा नीट वाचलेल्या पुरतात.

‘तिथे नेट असेलच’

डोंगरात नेट नसतं. नुसता ऑफलाइन नकाशा घेऊन भागत नाही, कॅशची माहितीसुद्धा वेगळी उतरवावी लागते. या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि गल्लत इथेच होते. अँड्रॉइडवर सी-जिओ हे मोफत अ‍ॅप दोन्ही करू देतं: ओपनस्ट्रीटमॅपवर आधारलेले नकाशे उतरवता येतात आणि कॅश यादीत जतन करता येतात. निघण्याआधी घरीच फोन विमान-मोडवर टाका आणि प्रत्येक कॅश उघडून पाहा. वर्णन, हिंट, फोटो दिसले तर तयारी झाली. कोडं फोटोत दडलेलं असेल आणि फोटोच्या जागी रिकामी चौकट आली, तर ते आत्ताच कळलेलं बरं.

कागदाची एक प्रत सोबत असू द्या. थंडीत बॅटरी भरभर उतरते. छापताना हिंट उलगडलेली आहे ना, तेवढं बघा. ती मुद्दाम प्रत्येक अक्षर तेरा घरं पुढे सरकवून लिहिलेली असते आणि अंधारात ती सोडवत बसणं जिवावर येतं.

पोहोचलात, पण सापडत नाही

बाण ‘० मीटर’ म्हणतो म्हणजे डबा पायाखाली आहे असं नव्हे. उंच झाडांखाली तुमच्या फोनची चूक काही मीटरची, लपवणाऱ्याचीही तेवढीच, आणि दोन्हींची बेरीज होऊ शकते. अंतर दहा मीटरवर आलं की फोन खिशात टाका आणि आजूबाजूला बघा. मग वीस-पंचवीस पावलं बाजूला जाऊन दुसऱ्या दिशेने परत या. दोन वेळा बाण जिथे बोट दाखवतो त्या रेषा जिथे छेदतात, तिथून शोध सुरू करा. तरीही नाही मिळाली, तर आधी आकडे पानाशी ताडून पाहा, मग हिंट वाचा, मग शेवटच्या सापडलेल्या लॉगमधलं वर्णन. माझा क्रम हाच असतो, कारण आकडेच चुकले असतील तर हिंटचा काही उपयोग नाही.

घरी आल्यावर त्याच दिवशी लॉग लिहा, न सापडलेल्यांचाही. प्रवासी टॅग (एका कॅशमधून दुसरीत फिरवायची, क्रमांक असलेली वस्तू) उचलला असेल तर त्यावरचा शोधक्रमांक फोटोत दिसू देऊ नका. तो क्रमांक ज्याच्याकडे असेल तो माणूस टॅग न बघताही नोंद करू शकतो. उपकरणातली जुनी जीपीएक्स फाइल लगेच पुसून टाका. नाहीतर बंद झालेल्या कॅश पुढच्या सहलीच्या नकाशावर चालू म्हणून दिसत राहतील.